बारा व्होल्टांत एकशे ऐंशीचा संसार

टेस्टर नसलेले घर विरळा. एरवी कपाटाच्या खणात पडलेले ते पारदर्शक मुठीचे हत्यार फ्यूज उडाला की शोधून काढले जाते. मग ते सॉकेटच्या भोकात खुपसायचे, टोपीवर बोट टेकवायचे, आणि मुठीत इवलासा नारिंगी ठिपका उजळला की घरातल्या कर्त्या माणसाने "लाइन आहे" असा निर्वाळा द्यायचा. तो ठिपका म्हणजे नेमके काय, हे विचारावे असे फारसे कुणाच्या मनात येत नाही. नेहमीच्या बल्बसारखी त्यात तार तापत नाही. काचेच्या चिमुकल्या कुपीत कमी दाबाने निऑन वायू भरलेला असतो. आतल्या दोन काड्यांमध्ये पुरेसे व्होल्टेज आले की ज्या क्षणी जी काडी ऋण असेल तिच्याभोवती तो वायू चकाकू लागतो. हा प्रवाह आपल्या अंगातूनच जमिनीकडे जातो, तरी आपल्याला काही जाणवत नाही, कारण कुपीच्या मागे सुमारे दहा लाख ओहमचा एक रेझिस्टर राखणदारासारखा बसवलेला असतो.

मी ज्या घड्याळाविषयी लिहिणार आहे ते या टेस्टरचेच थोरले भावंड म्हणायला हरकत नाही. त्याच्यात काटे नाहीत, हल्लीच्या घड्याळांतले सात रेघांचे आकडेही नाहीत. चार काचेच्या नळ्या आहेत. प्रत्येक नळीत शून्यापासून नऊपर्यंतचे दहा आकडे पातळ धातूचे कातून एकामागे एक उभे केले आहेत, आणि त्यांच्यापुढे एक बारीक जाळी आहे. जाळी म्हणजे धनाग्र आणि प्रत्येक आकडा म्हणजे एक स्वतंत्र ऋणाग्र. ज्या आकड्याला जोडणी मिळेल त्याच्या अंगाला निऑनचा नारिंगी प्रकाश लपेटून बसतो. बाकीचे नऊ जण अंधारात उभे असतात. डोळे जरा बारीक केले तर तेही दिसतात, वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलांसारखे.

निऑन वायू १८९८ साली लंडनमध्ये रॅम्झे आणि ट्रॅव्हर्स यांनी शोधला. या नळ्या मात्र पुष्कळ उशिरा आल्या. अमेरिकेतल्या बरोज कंपनीने १९५५ साली त्या 'निक्सी' या नावाने बाजारात आणल्या, आणि पुढे कुणीही बनवल्या तरी नाव तेच पडले. १९६१ साली इंग्लंडमध्ये 'अनिता' नावाचे टेबलावरचे गणकयंत्र निघाले. संपूर्ण इलेक्ट्रॉनिक असे ते पहिलेच, आणि त्याची उत्तरे अशाच नळ्यांत उजळत. (हे नाव वाचून आमच्या वर्गातल्या एका मुलीला फार आनंद झाला होता.) प्रयोगशाळांतले व्होल्टमीटर, वारंवारता मोजणारी यंत्रे, सगळीकडे याच नळ्या होत्या. पुढे १९७० च्या दशकात स्वस्त एलईडी आले आणि नळ्यांचे दिवस भरले. सोव्हिएत संघात मात्र त्यानंतरही बरीच वर्षे त्या बनत राहिल्या. आमच्या नळ्या तिथल्याच, आय-एन-१२ जातीच्या. आकड्याची उंची १८ मिलिमीटर, आणि आकडे नळीच्या माथ्यावरून वाचायचे. या जातीत पाचाचा आकडा वेगळा केलेलाच नाही. दोनाचा आकडा उलटा बसवून पाचाचे काम भागवले आहे. एका नळीच्या काचेवर १९८४ सालचा शिक्का आहे. ज्या देशात तो उमटवला तो देश १९९१ साली नकाशावरून गेला. नळी अजून पेटते. अलीकडे चेक प्रजासत्ताकात डालिबोर फार्नी या माणसाने अशा नळ्या पुन्हा हाताने बनवायला सुरुवात केली आहे, पण त्यांच्या किमती विद्यार्थ्याने विचारू नयेत.

हे घड्याळ माझ्या एकट्याचे नव्हे. त्याचा मेंदू माझ्या मित्राने केला, आणि त्याविषयी त्याने याच अंकाच्या कानडी विभागात लिहिले आहे. वेळ कशी मोजली, आकडे कसे बदलले, हे ज्यांना वाचायचे असेल त्यांनी पाने उलटावीत. ज्यांना कानडी वाचता येत नाही त्यांनी त्याला चहा पाजावा, तो मराठीत सांगतो. माझ्याकडे आला तो विजेचा भाग. वाटणी अशी झाली की वेळ त्याची, वीज माझी. नळीतले आकडे ना देवनागरी, ना कानडी. त्यामुळे तेवढ्यापुरता तरी आमच्यात वाद उरला नाही.

अडचण सांगायला सोपी आहे. मित्राच्या मेंदूला पाच व्होल्ट पुरतात. बाजारात मिळतो तो अ‍ॅडॉप्टर बारा व्होल्टांचा. आणि नळी मागते सुमारे १७० व्होल्ट. त्याखाली ती ढिम्म हलत नाही.

आता एवढे व्होल्ट घरात कुठे आहेत, तर भिंतीतल्या सॉकेटमध्ये. ओळखीच्या एका वायरमनने लगेच तोडगा सांगितला: एक डायोड, एक कंडेन्सर, एक मोठा रेझिस्टर, काम फत्ते. हिशेबाने त्याचे चूक नव्हते. आपली २३० व्होल्टांची लाइन म्हणजे शिखरावर ३२५ व्होल्ट होतात. डायोडने एकाच दिशेला वळवून घेतले की नळ्या सुखाने पेटतील. खर्च एका प्लेट मिसळीइतकासुद्धा नाही. परंतु मग घड्याळातला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक तार थेट गल्लीतल्या खांबाशी जोडलेली राहणार. दोन पिनांचा प्लग आपण सुलटा घालतो की उलटा, याचा भरवसा कुणी द्यावा? एका बाजूने घातला तर घड्याळाचे अंग न्यूट्रलवर, दुसऱ्या बाजूने घातला तर फेजवर. मित्र प्रोग्रॅम घालायला त्याच घड्याळाला संगणकाची केबल लावणार. आणि घड्याळ राहणार होते त्याच्या घरी, जिथे त्याचा चार वर्षांचा भाचा राहतो. या मुलाचा स्वभाव असा की भोक दिसले की त्यात पेन्सिल घालून पाहायची.

वायरमनचा तोडगा आम्ही तिथेच सोडला. स्वस्त काम आणि हलके काम यांतला फरक विजेच्या बाबतीत एकदाच कळतो, आणि तो ज्याला कळतो तो सांगायला उरेलच असे नाही.

शहापुरात एक जुने रेडिओ-दुरुस्तीवाले काका आहेत. व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळात त्यांचे दुकान जोरात चालत असे. त्या रेडिओंच्या पोटात अडीचशे व्होल्टांचा एचटी असे, म्हणजे आमच्या नळ्यांहूनही जास्त. हे व्होल्ट ज्याने चाळीस वर्षे हाताळले आणि ज्याच्या दाही बोटांना अजून नखे आहेत, अशा माणसाला विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे आम्ही ठरवले होते. मी वही घेऊन गेलो. त्यांनी वही पाहिलीच नाही.

"आधी एक हात खिशात घालायचा, मग दुसऱ्याला काम सांगायचं," ते म्हणाले. "दोन्ही हात आत गेले की करंट एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हाताला जातो. वाटेत काय असतं, ते शास्त्र शिकणाऱ्याला मी सांगायला नको."

त्यांची सूचना ट्रान्सफॉर्मरची होती. दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावायचे. पहिल्याने २३० चे १२ करायचे, दुसऱ्याने उलट बाजूने १२ चे पुन्हा दोनशेच्या आसपास. मधल्या लोखंडामुळे खांबाशी नाते तुटते, एवढाच त्यातला फायदा. पण तोच महत्त्वाचा. मार्ग अगदी सुरक्षित. फक्त घड्याळ पाटा-वरवंट्याएवढे जड झाले असते आणि रात्रभर गुणगुणले असते. मी त्यांना म्हटले, "काका, बारा व्होल्टांच्या अ‍ॅडॉप्टरनं नातं आधीच तुटतं. त्या बारा व्होल्टांवरूनच एकशे ऐंशी वर चढवतो."

"बाराचे एकशे ऐंशी?" काका हसले. "कुठला सावकार देतो रे पोरा?"

प्रश्न विनोदाचा असला तरी नेमका होता. उत्तर असे की सावकार काही फुकट देत नाही. व्होल्ट पंधरा पट घेतले की अँपिअर पंधरा पटींहून जास्त मोजून द्यावे लागतात, आणि वर थोडी दलाली उष्णतेच्या रूपाने जाते. आमच्या चार नळ्यांना प्रत्येकी अडीच मिलिअँपिअर, म्हणजे सगळ्यांना मिळून १० मिलिअँपिअर लागतात. १८० व्होल्टांनी गुणले की १.८ वॅट. तेवढे पोचवायला अ‍ॅडॉप्टरकडून दोनाहून थोडे जास्त वॅट घ्यायचे, की भागले.

हे घडते कसे, ते आपल्या घरच्या नळावर समजते. पाणी जोरात आले असताना तोटी एकदम बंद केली तर भिंतीतला पाइप धाडकन वाजतो. पाइपातले पाणी धावत असते. त्याला अचानक थांब म्हटले की त्या धावण्याचा धक्का बनतो, आणि हा धक्का टाकीतल्या पाण्याच्या दाबाहून कितीतरी मोठा असतो. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून जाणारा विद्युत्प्रवाह असाच हट्टी असतो. चालू केला की हळूहळू वाढतो, आणि तोडू गेले तर वाट मिळेपर्यंत स्वतःचे व्होल्टेज चढवत नेतो. आमचे वेटोळे १०० मायक्रोहेन्रीचे. त्याला १० मायक्रोसेकंद बारा व्होल्ट दिले की प्रवाह १.२ अँपिअरपर्यंत चढतो. तेवढ्यात एक मॉसफेट तोटीसारखा झटकन बंद होतो. वेटोळ्यातली शक्ती डायोडमधून उडी मारून पलीकडच्या कपॅसिटरमध्ये जाऊन पडते. एका खेपेला ७२ मायक्रोज्यूल, म्हणजे मुंगीच्या पाठीवरचा दाणा. पण अशा खेपा सेकंदाला तीस हजार झाल्या की २.१६ वॅट होतात. खेपा मोजायचे काम ५५५ नावाच्या जुन्या इमानी चिपकडे दिले आहे.

सामान आणताना डायोडचा एक मुद्दा लक्षात ठेवावा लागतो. कुठल्याही दुकानात मागितला की १एन४००७ पुढे येतो. तो हजार व्होल्ट सोसतो, गरीब स्वभावाचा आहे, पण मंद. सेकंदाला पन्नास वेळा दार उघडायचे आणि लावायचे, हा त्याचा जन्मजात धंदा. तीस हजार वेळा लावायला सांगितले की त्याचे दार पुरते लागायच्या आत मागच्या मागे वीज परत सांडते, आणि तो तापून लाल होतो. इथे यूएफ४००४ सारखा चपळ डायोडच हवा. तो बेळगावात चटकन मिळाला नाही. हुबळीहून मागवावा लागला. मॉसफेट आयआरएफ ७४०, चारशे व्होल्टांचा.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर. हे यंत्र स्वतःहून थांबत नाही. नळ्या जोडलेल्या नसल्या तर प्रत्येक खेपेचा दाणा कपॅसिटरमध्ये साठत जातो, आणि व्होल्टेज १८०, २५०, ३०० असे चढत काहीतरी फुटेपर्यंत चढतच राहते. म्हणून कपॅसिटरवरून दोन रेझिस्टरांची शिडी लावून थोडेसे व्होल्टेज परत ५५५ कडे न्यायचे: १८० झाले, आता हात आखड. मी हा परतीचा धागा सर्वांत आधी जोडला, तो मीटरने दोनदा तपासला, आणि मगच वेटोळ्याला वीज दाखवली. मीटर १८० वर जाऊन स्थिर राहिला. नळ्या त्या वेळी कपाटात होत्या, कापसात गुंडाळलेल्या.

पट्टी घेऊन पुन्हा शहापूर गाठले. काकांनी चष्मा पुसला, काटा हलणारा आपला जुना मीटर लावला, आणि चालू करायला सांगण्याऐवजी बंद करायला सांगितले. "पेटतंय किती ते सगळेच बघतात. विझतंय किती वेळात ते मला बघू दे." कपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरडचा. प्लग काढला तरी त्यात १८० व्होल्ट भरलेलेच राहतात. त्याला आडवा दहा लाख ओहमचा एक रेझिस्टर मी लावला होता, साठलेली वीज निथळून जावी म्हणून. काटा उतरू लागला. काका तोंडाने मोजत होते. पंधरा म्हणेपर्यंत काटा दहाच्या खाली आला. "हा नसता लावलास तर उद्या सकाळी याला हात लावणारा शिव्या मला घातला असता," एवढेच ते म्हणाले, आणि आम्हाला पास केले.

यानंतर नळीची पाळी. पाचातली एक उचलली. व्होल्टेज मुद्दाम खाली आणून हळूहळू वर नेले. १४० ला काही नाही. १५० ला काही नाही. एकशे साठ ओलांडल्यावर कुठेतरी, डोळा लवतो तेवढ्यात, तीनचा आकडा पेटलेला होता. उजळत उजळत आला नाही; नव्हता आणि आहे, बस्स. वायूत नेहमीच चार-दोन मोकळे इलेक्ट्रॉन भटकत असतात. त्यांना पुरेसा जोर मिळाला की ते अणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात, ते आणखी, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत सारा जमाव उठतो. त्या भटक्यांना मोकळे करायला थोडा उजेडही उपयोगी पडतो. मिट्ट काळोखात अशी नळी कधीकधी पेटायला क्षणभर अडखळते, ही गोष्ट मला फार आवडली.

खरी गंमत पेटल्यानंतर. मीटर नळीच्या दोन टोकांना लावून पाहिला, तर तिथे फक्त सुमारे १४० व्होल्ट. पेटायला जास्त लागतात, पेटून राहायला कमी. आणि पुढे आणखी विचित्र. आपण शाळेपासून घोकतो की व्होल्टेज वाढले की त्याच प्रमाणात प्रवाह वाढतो. नळीला ओहमचा नियम ठाऊक नाही. तिच्या टोकांचे व्होल्टेज जागचे हलत नाही, आणि प्रवाह मात्र मिळेल तितका घेत सुटतो. तिला मोकळे सोडले तर ती स्वतःला जाळून घेईल. ट्यूबलाइटला चोक लागतो तो याचसाठी. पेटवायला तो मदत करतो खरा, पण त्याचे आयुष्यभराचे काम आवरण्याचे. (ट्यूबलाइटचा स्टार्टर उघडून पाहा. त्यातही अशीच एक चकाकणारी कुपी असते.) आमच्या नळीला आवरायला एक रेझिस्टर पुरतो. १८० वजा १४०, उरले ४० व्होल्ट. अडीच मिलिअँपिअरसाठी १६ हजार ओहम. दुकानात १५ हजारांचा मिळाला, म्हणजे प्रवाह २.७ च्या आसपास. चालते. काही जण विचारतात की १६५ व्होल्टांतच काम होते तर १८० कशाला. कारण नळीपरत्वे आणि आकड्यापरत्वे दोन-चार व्होल्टांचा फरक पडतो. हातात ४० व्होल्ट शिल्लक असले तर त्या फरकाने प्रवाह थोडासाच हलतो. २५ च असले तर तोच फरक अधिक जाणवतो. फार कमी प्रवाह दिला तर आठाच्या आकड्याचे अर्धे अंग उघडे राहते. फार जास्त दिला तर आकड्याचा धातू झडून काचेवर काजळी धरतो.

पाच व्होल्टांची चिप १८० व्होल्टांचे आकडे कसे बदलते, हे कोडे मलाही होते. इथे ७४१४१ ही चिप किंवा तिची सोव्हिएत बहीण के१५५आयडी१ वापरतात. तिला १८० व्होल्ट पेलावेच लागत नाहीत. जो आकडा पेटवायचा त्याला ती जमिनीला टेकवते. बाकीच्यांना साठेक व्होल्टांवर लटकू देते. जाळीवर १४० असतात. म्हणजे लटकलेल्यांच्या वाट्याला फक्त ८० व्होल्ट उरतात, आणि ८० व्होल्टांत निऑन पेटत नाही. सगळा खेळ त्या मधल्या फरकावर.

मात्र पाच नळ्या तपासताना मन खट्टू झाले. एकीचा सात खालच्या पायाशी काळा. दुसरीचा तीन अर्धाच पेटत होता. हा रोग ओळखीचा आहे. जो आकडा वर्षानुवर्षे पेटतच नाही त्याच्या अंगावर शेजाऱ्यांचा झडलेला धातू बसत जातो, आणि मग तो पेटवू गेले तरी पेटत नाही. म्हणजे आमच्याकडे धड नळ्या तीनच. पैसे पाचांचे गेलेले, आमच्या कित्येक महिन्यांच्या चहा-भज्यांचे. आणि नव्या मागवायचे त्राण दोघांच्याही खिशात नव्हते.

मित्र हिशेबी. तो म्हणाला, "ज्याला सात म्हणता येत नाही त्याला तासाच्या दशकात बसव. तिथे शून्य, एक, दोन यापुढे कुणी विचारत नाही." अगदी बरोबर. चोवीस तासांच्या घड्याळात त्या जागी तीन आकड्यांवर आयुष्य निघते. मिनिटांच्या दशकाला पाचापर्यंत पुरते. घड्याळ उभे राहिले. पण मग त्या नळीतले उरलेले सात आकडे कायमचे अंधारात, आणि जो रोग एका आकड्याला होता तो सगळ्यांना होणार. आज घड्याळ चालेल. चार वर्षांनी ती नळी कुठल्याच जागी चालणार नाही.

म्हणून अर्ध्या तीनची पाचवी नळी मी घरी आणली. उपाय असा की तोच आजारी आकडा एकट्याने, नेहमीपेक्षा जास्त प्रवाहाने, तासन्‌तास पेटत ठेवायचा, म्हणजे अंगावरची पुटे त्या माऱ्याने झडून जातात. १५ हजारांच्या जागी १० हजार ओहम लावले. प्रवाह ४ मिलिअँपिअर, म्हणजे नेमून दिलेल्या ३.५ च्या मर्यादेबाहेर थोडासा. उपाय लागू पडला तर नळी वाचणार, जास्त झाला तर काच काळी होणार. रात्री दहाला सुरू केले. दर अर्ध्या तासाने मीटर आणि काच पाहायची, एक हात खिशात. आई दोनदा उठून आली. दुसऱ्यांदा तिने विचारले की हे तीन वाजलेत असे दाखवते आहे का. त्या वेळी सव्वा वाजले होते. पुढे लाइट गेली, पाऊण तास काळोख, मग पुन्हा आली. नारिंगी रंग तीनच्या कमरेपर्यंत होता तो पहाटेपर्यंत हळूहळू खाली सरकला. साडेपाचला पूर्ण तीन. काच स्वच्छ. १५ हजारांचा रेझिस्टर परत लावला, तरी तीन पूर्णच राहिला. दुसऱ्या रात्री तासाच्या दशकातल्या नळीच्या सातालाही तेच औषध दिले, आणि तो तर तीन तासांतच बरा झाला.

त्यानंतर मी मित्राला एक अट घातली. रोज काही मिनिटे प्रत्येक नळीने शून्य ते नऊ सगळे आकडे पेटवलेच पाहिजेत. त्याने प्रोग्रॅममध्ये पहाटे तीनची वेळ टाकली, कारण त्या वेळी घड्याळ कोण बघते? त्याच्या आईने ती लगेच रद्द केली. रात्री झोपताना प्लग काढायचा, हा त्या घरचा नियम. आमच्या पेटीला धातूचा एकही स्क्रू बाहेर नाही, पुढे अ‍ॅक्रिलिक आहे, पाठीला पेन्सिल जाईल असे भोक नाही, हे सगळे मी त्यांना दाखवले. त्यांनी कौतुकाने पाहिले, मला चुरमुऱ्यांची बशी दिली, आणि नियम तसाच ठेवला. मला तो नियम मान्य आहे. मग आकड्यांची कवायत दुपारी तीनवर आणली. पुष्कळ वेळा भाचा त्या वेळी झोपेचे सोंग करून जागाच असतो, आणि आकडे धावू लागले की पुढ्यात बसून ओंदु, एरडु, मूरु म्हणतो. पाचाशी मात्र थांबतो आणि मामाला विचारतो की दोन उलटा का झाला.

घड्याळ दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे आणि मग आमच्याकडे असे ठरले आहे. अ‍ॅडॉप्टरकडून ते सुमारे अडीच वॅट घेते. अखंड चालवले तरी वर्षाला बावीस युनिटांच्या आत. जोडणीचा आराखडा माझ्याकडे आहे, ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा. रेझिस्टर जवळपास मिळाला नाही तर थोडा इकडचा तिकडचा चालेल, वेटोळे घरी गुंडाळले तरी चालेल. कपॅसिटरला आडवा असलेला दहा लाख ओहमचा रेझिस्टर मात्र कुणी वगळू नये, आणि झाकण उघडण्यापूर्वी पंधरापर्यंत मोजावे, मराठीत किंवा कानडीत.